निफाड: मसाला आणि ड्रायर युनिटसाठी १० लाख हवेत. बँक सातबारा मागतेय, पतसंस्था आठ दिवसांत द्यायला तयार

कादवाकाठ

नमस्कार. निफाड तालुक्यातला दहा जणींचा बचत गट, चार वर्षांपासून उमेदमध्ये (बचत गटांचं राज्याचं ग्रामीण अभियान). काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, लसूण चटणी, उन्हाळ्यात वाळवणं. गेल्या वर्षीची विक्री ७ लाखांच्या आसपास, पण निम्म्याहून जास्त रोखीत. गटाच्या खात्यावर जेमतेम अडीच लाख दिसतात. एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा विभागाचं) साधं रजिस्ट्रेशन आहे, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नाही. बिलबुक आहे.

घ्यायचं ते असं: ९६ ट्रेचा इलेक्ट्रिक ड्रायर, कांदा स्लायसर, पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र), बँड सीलर (पाकिटं बंद करायला). कोटेशन ९ लाख. शेडची फरशी, टाइल्स, जाळ्या १ लाख. एकूण १० लाख. सल्लागाराने प्रोजेक्ट रिपोर्ट करून दिलाय. त्यात पहिल्या वर्षी २५ लाख विक्री, मुख्यतः कांद्याचे फ्लेक्स घाऊक विकून. मंजुरी मिळाल्यावर तो कर्जाच्या ८ टक्के घेणार.

शाखाधिकारी म्हणतात, गटाला एवढं कर्ज देता येत नाही. एकीच्या नावावर करा, तिच्या घरचा सातबारा तारण द्या आणि नवरा सहकर्जदार घ्या. त्या सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा आहे आणि ते थकलेलं आहे. दुसरीकडे पतसंस्था ३ लाख द्यायला तयार आहे, १४ टक्क्यांनी, ३६ हप्ते.

विचारायचं ते: तारण खरंच लागतं का? पीएमएफएमई (लहान अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना), पीएमईजीपी (केंद्राची रोजगारनिर्मिती योजना), मुद्रा यातलं आमच्यासाठी कोणतं? गटाच्या नावावर करावं की एकीच्या? आणि मिरची भरायला लागणारा पैसा कुठून उभा करावा, कारण तो या १० लाखांत कुठेच नाही.

---

सहीशिक्का

तारणाचं आधी. सूक्ष्म व लघु उद्योगांना २० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण घ्यायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे (३१ मार्च २०२६ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती). शाखेच्या मर्जीवर सोडलेला विषय नाही. कर्जातून घेतलेली यंत्रं आणि माल बँकेकडे नजरगहाण राहतात, ते प्राथमिक तारण, त्याला हरकत घेऊ नका. सातबारा हे त्याच्यावरचं जादा तारण झालं, आणि ते या मर्यादेत मागता येत नाही.

पण इथे एक मेख आहे. बँका मर्यादा मोजताना मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलाची सीसी (कॅश क्रेडिट, लागेल तसं उचलायचं कर्ज) एकत्र धरतात. यंत्रांसाठी ९ लाख घेतलेत आणि वर ३ लाखांची सीसी मागितलीत की एकूण १२ झाले. ही बेरीज मर्यादेबाहेर गेली की सीजीटीएमएसईची (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमी हा रस्ता उरतो. तिथेही तारण नाही, पण दरवर्षी हमीशुल्क लागतं आणि शाखेचं कागदकाम वाढतं. म्हणून बरेच शाखाधिकारी हमीचं नाव न काढता सरळ सातबारा मागतात. प्रकल्प आटोपशीर ठेवून सगळं मिळून मर्यादेच्या आत बसवलंत तर हा वादच उरत नाही.

उद्यम नोंदणी नाही म्हणता, म्हणजे बँकेच्या लेखी तुमचा उद्योगच नाही आणि वरचा आदेश तुम्हाला लागू करून घेता येणार नाही. आजच करा. सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅनवर. संस्थेच्या प्रकारात स्वयंसहायता गट हा पर्याय आहे. त्यासाठी गटाचं स्वतःचं पॅन लागेल, ते नसेल तर आधी ते. पैसे मागणाऱ्या दिसायला सरकारीच वाटणाऱ्या वेबसाइटी भरपूर आहेत, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे का ते बघून घ्या.

नवरा सहकर्जदार: अजिबात नको. थकीत पीककर्जवाला माणूस अर्जात आला की त्याची थकबाकी तुमच्या अर्जाची होते आणि संगणकच अर्ज बाहेर टाकतो. आपल्या भागात कर्जमाफीच्या आशेवर थांबलेली खाती घरोघर आहेत, त्यामुळे हे कायम घडतं. बायकोचा उद्योग, बायकोचा उद्यम क्रमांक, बायकोचं खातं. नवऱ्याचं नाव कर्जदार म्हणूनही नको आणि जामीनदार म्हणूनही नको.

---

ताळेबंद

योजनांचा निकाल पटकन लावतो. पीएमईजीपी फक्त नव्या उद्योगाला. तुमचं एफएसएसएआय रजिस्ट्रेशनच सांगतं की युनिट चालू आहे. "नवीन दाखवू" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तीन वर्षं अनुदान बँकेत अडकून असतं आणि मधल्या प्रत्यक्ष पडताळणीत तारीख निघाली की ते परत जातं. मुद्रा हे वेगळं अनुदान नाही, ती तारणाशिवायच्या कर्जाची चौकट आहे: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तुमच्यासाठी पीएमएफएमई. पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, स्वहिस्सा किमान १० टक्के, चालू युनिटच्या वाढीला चालतं आणि गटालाही चालतं. तेव्हा "गटाला देता येत नाही" हे शाखेचं म्हणणं या योजनेपुरतं टिकत नाही. मुदत २०२५-२६ पर्यंत दिलेली होती, त्यामुळे आता अर्ज घेतात का ते आधी विचारा.

आता तुमच्या आकड्यांकडे. इथेच खरं दुखणं आहे.

१० लाखांच्या प्रकल्पात स्वहिस्सा १ लाख, मुदत कर्ज ९ लाख, अनुदान साडेतीन लाख. सल्लागार लोक हप्ता साडेपाच लाखांवर काढून दाखवतात: ११ टक्के, ६० महिने, सुमारे ११,९६० रुपये. पण अनुदान तुमच्या हातात येत नाही आणि पहिल्या दिवशीही येत नाही. ते बँकेकडे राखीव खात्यात जमा होतं आणि शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षांनी, खातं नियमित आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. ते जमा होईपर्यंत व्याज पूर्ण ९ लाखांवर. ९ लाखांचा हप्ता होतो सुमारे १९,५७० रुपये. पहिलं वर्ष या आकड्यावर निघतंय का, हे बघायचं.

वर्षाचे हप्ते २ लाख ३५ हजार. बँक डीएससीआर बघते, म्हणजे नफा, घसारा आणि व्याज मिळून जी रक्कम होते ती हप्त्यांच्या किती पट आहे. सरासरी दीडपट लागते. म्हणजे तुमच्याकडे साडेतीन लाख दिसायला हवेत. विक्री ७ वरून १४ लाख धरली, दुप्पट म्हणजे तशी धाडसीच, तरी विक्रीच्या २५ टक्के. घरगुती मसाल्यात मजुरी आपलीच असते म्हणून मार्जिन जाड वाटतं. दहा जणींची मजुरी लावली की २५ टक्के कुठून आणणार? म्हणून रिपोर्टमध्ये २५ लाख विक्री लिहावी लागली. बँकेतला माणूस खात्यावरचे अडीच लाख बघतो, रिपोर्टमधले २५ लाख बघतो आणि सातबारा मागतो. त्याच्या जागी कोणीही मागेल.

उलटं करून बघा. ४८ ट्रेचा ड्रायर घ्या आणि बाकी यंत्रंही त्याच मापाची. यंत्रं साडेपाच लाखांत बसवा, बांधकामाचं काम ५० हजारांत. (पात्र खर्चात बांधकाम ३० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, जागेची किंमत धरतच नाहीत.) प्रकल्प ६ लाख. स्वहिस्सा ६० हजार, कर्ज ५ लाख ४० हजार, अनुदान २ लाख १० हजार. पूर्ण कर्जावर हप्ता सुमारे ११,७४० रुपये, वर्षाला १ लाख ४१ हजार. दीडपट म्हणजे २ लाख ११ हजार, १४ लाखांच्या विक्रीवर १५ टक्के. हे जमण्यातलं आहे.

खेळतं भांडवल: लहान उद्योगांसाठी बँका नायक समितीची पद्धत वापरतात. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के ही गरज, त्यातले २० टक्के बँकेचे, ५ टक्के तुमचे. १४ लाखांवर गरज साडेतीन लाख, सीसी २ लाख ८० हजार, तुमचे ७० हजार. मुदत कर्जासह एकूण ८ लाख २० हजार. सहीशिक्का म्हणतात त्या मर्यादेच्या आत.

दोन्ही एकाच अर्जात मागा. आधी यंत्रं आणू, सीसी नंतर बघू असं केलं की यंत्र बसतं, हप्ता सुरू होतो आणि मिरची घ्यायला पैसा नसतो. युनिटं बंद पडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पीएमएफएमईचं अनुदान खेळत्या भांडवलाला मिळत नाही म्हणून सल्लागार त्याचा विषयच काढत नाही, कारण त्याचे टक्के अनुदानाच्या फाइलवर ठरलेले.

त्या ८ टक्क्यांबद्दल: पीएमएफएमईसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, अर्ज भरण्यापासून बँकेच्या पाठपुराव्यापर्यंत. मंजूर प्रकरणामागे त्यांना शासनाकडून मोबदला मिळतो. तुम्ही द्यायचा नाही. यादी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात, किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारा.

---

तिखटजाळ

कर्जाचं वरच्या दोघांनी सांगितलं. मी मालाचं सांगतो, कारण रिपोर्टमधले फ्लेक्स मला पटलेले नाहीत.

आपल्याकडच्या लाल किंवा उन्हाळ कांद्यात घन भाग १२-१३ टक्क्यांच्या घरात. निर्जलीकरणाला वापरतात तो पांढरा कांदा, त्यात १५ ते २० टक्क्यांपर्यंत जातो. गुजरातेतल्या महुव्याचे कारखाने त्याच्यावर चालतात. १०० किलो चिरलेल्या कांद्यातून, १३ टक्के घन धरून आणि ५ टक्के ओलावा ठेवून, पावणेचौदा किलोच्या आत फ्लेक्स निघतात. १८ टक्के घन असेल तर १९ किलो. वीज तीच, मजुरी जवळपास तीच, आणि माल त्यांचा सव्वापटीहून जास्त. घाऊक भावात त्यांच्याशी टक्कर घ्यायची कशी?

खर्च मांडून बघा. चिरलेला १०० किलो हवा तर शेंडा, मूळ, साल जाऊन ११५ किलो कांदा लागतो. १५ रुपये भावाने १,७२५. ड्रायरमध्ये ८६ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याला प्रत्यक्षात १.३ युनिट धरा, कारण ट्रे ड्रायरमध्ये बरीच उष्णता हवेबरोबर बाहेर जाते. म्हणजे ११२ युनिट, ९ रुपये दराने हजार रुपये. पावणेचौदा किलोवर हे २,७२५ वाटले की किलोमागे २०० रुपये जवळपास इथेच झाले. मजुरी, पॅकिंग, हप्ता अजून बाकी. आणि लासलगावला भाव ३० वर गेला की नुसत्या कांद्याचेच २५० रुपये किलोला.

म्हणून फ्लेक्स विकायला करू नका. तुमच्याच कांदा-लसूण मसाल्यात आणि काळ्या मसाल्यात घाला. तिथे कांदा वजनाने थोडा लागतो आणि मसाल्याच्या भावाने विकला जातो. सध्या तळून घालत असाल तर तेल वाचतं, आणि तेलामुळे येणारा खवट वासही कमी होतो. रिपोर्टमध्ये हेच लिहा: ड्रायर कशासाठी, तर स्वतःच्या मसाल्याच्या कच्च्या मालासाठी आणि पावसाळ्यात वाळवणं चालू ठेवण्यासाठी. उन्हाळ्यात काप उन्हात अर्धवट वाळवून शेवटचा ओलावा ड्रायरमध्ये काढला तर युनिट आणखी वाचतात, फक्त वर जाळी हवी.

विजेचं कोणी बोललं नाही. ९६ ट्रेचा ड्रायर दहा तासांत बॅच काढायचा तर २३ ते २५ किलोवॉट ओढतो. घरगुती सिंगल फेजवर हे शक्यच नाही, आणि शेतीपंपाच्या लाइनवर लावलं तर कारवाई. औद्योगिक थ्री फेज जोडणी घ्यावी लागेल. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॉटपर्यंत एक गट आणि त्यावर दुसरा. वरच्या गटात मागणी आकार (जोडणीच्या क्षमतेवरचं महिन्याचं शुल्क) केव्हीएवर लागतो, यंत्र बंद असलं तरी. ४८ ट्रेचा ड्रायर १२ किलोवॉट, ५ एचपीचा पल्व्हरायझर पावणेचार, स्लायसर आणि सीलर मिळून एक-दीड. सगळं १८ च्या आत. ताळेबंद यांनी लहान ड्रायर सांगितला तो इथेही बसतो. जोडणीचं कोटेशन महावितरणकडून आधीच घ्या आणि ती रक्कम प्रकल्पखर्चात दाखवा, नाहीतर यंत्र खोक्यात आणि जोडणीला पैसे नाहीत.

काप ३-४ मिलिमीटर, तापमान ६० ते ६५. लवकर व्हावं म्हणून ७५ ला नेलं की काप तपकिरी होतात आणि आतून ओलसर राहतात. कांद्याची पावडर हवेतला ओलावा भराभर ओढते; पावसाळ्यात दोन तास उघडी राहिली तरी ढेकळं होतात. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टिकत नाही, फॉइलचं अस्तर असलेला पाउच लागतो. तो खर्चही रिपोर्टमध्ये हवा.

---

प्रभागसंघ

ताई, तुम्ही उमेदमध्ये आहात आणि अजून बीज भांडवलाचं नावच कोणी काढलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. पीएमएफएमईतच आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्याला ४०,००० रुपये, खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. दहा जणी म्हणजे ४ लाख. हा पैसा प्रभागसंघामार्फत (परिसरातल्या गटांचा संघ) गटाकडे येतो आणि गटाने तो संघाला हप्त्यांनी परत करायचा, म्हणजे फुकट नाही, पण बँकेच्या दारात जायचं नाही. दहाही जणी खरोखर प्रक्रियेच्या कामात आहेत हे दाखवावं लागतं: कामाची नोंदवही, मसाल्याचा खरेदी-विक्री हिशोब, ठराव. तुमच्या प्रभागाच्या समन्वयकांकडून माहिती ऑनलाइन भरली जाते.

दुसरं, गटाची कॅश क्रेडिट. गटांना १० लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन नाही, आणि बचत खात्यावरचे पैसेही बँकेने अडवून ठेवायचे नाहीत. पहिल्या वर्षी उचल गटाच्या निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. दहा जणींनी महिना २०० रुपये चार वर्षं टाकले असतील तर बचतच ९६ हजार. ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज आणि वेळेवर फेडलं तर आणखी ३ टक्क्यांची सवलत. १४ टक्क्यांच्या पतसंस्थेकडे बघायचं कारण काय?

फक्त एक सांभाळा. गटाचं कर्ज दहा जणींचं असतं. ते सगळं मसाल्यात घातलं आणि त्यातल्या चौघी मसाल्याच्या कामालाच येत नसतील, तर हप्त्याच्या वेळी भांडण ठरलेलं. कोणाचे किती, नफा कसा वाटायचा, मजुरी नफ्याच्या आधी काढायची की नंतर, हे ठरावात लिहून सगळ्यांच्या सह्या. अंगठा असेल तर साक्षीदार.

गट की एकटी? खरोखर सगळ्या राबत असतील तर गट. दोघी-तिघीच चालवत असतील तर एकीच्या नावाने करा आणि तसं उघड मान्य करा. नावापुरता गट ठेवला की पडताळणीला माणसं जमवावी लागतात.

---

कादवाकाठ

सगळ्यांचे आभार. सातजणी रोज कामाला असतात, तिघी फक्त सीझनला. लहान ड्रायरचं पटलं, पुरवठादाराकडून नवं कोटेशन मागवते. तोच पुरवठादार म्हणाला की स्वहिस्सा भरू नका, कोटेशन वाढवून देतो, त्यात बसेल. हे चालतं का? आणि पतसंस्थेचे १४ टक्के आणि बँकेचे ११, फरक तीनच टक्क्यांचा ना? अजून एक, गटातल्या दोघींनी मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेलं आहे.

---

ताळेबंद

तीन टक्के नाही. ते १४ टक्के सरळ व्याजाने आहेत की घटत्या शिलकीवर, हे विचारा. बऱ्याचदा सरळ असतात. ३ लाखांवर १४ टक्के तीन वर्षं म्हणजे १ लाख २६ हजार व्याज, ३६ ने भागून हप्ता ११,८३३. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, पण व्याज पूर्ण ३ लाखांवर मोजलं जातंय. घटत्या शिलकीच्या हिशोबात हा दर सुमारे २४ टक्के पडतो. शिवाय कर्जातून शेअर्सची रक्कम कापतात. ५ टक्के कापले तर हातात २ लाख ८५ हजार येतात आणि व्याज ३ लाखांवर लागतं. बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या) १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावं लागतं. पतसंस्था सहकार कायद्याखाली, तिथे ते मिळेलच असं नाही. हप्ता आणि हातात पडणारी रक्कम, हे दोन आकडे घ्या, बाकी सांगण्याकडे दुर्लक्ष करा.

वाढवलेलं कोटेशन: नाही. बँक पुरवठादाराच्या खात्यात थेट पैसे टाकते. तो तुम्हाला ६० हजार परत देणार रोखीत, आणि कागदावर यंत्र महाग झालं म्हणून तुमचं कर्जही वाढणार, व्याजही वाढणार. पुढे सेवेसाठी बोलावलं की तो येईलच याचा नेम नाही, कारण तुम्ही तक्रार कुठे करणार? दोन-तीन कोटेशन घ्या, जीएसटी वेगळा दाखवलेली, मॉडेल आणि हीटरचे किलोवॉट लिहिलेली. आणि मंजुरीपत्र हातात येण्याआधी अॅडव्हान्स देऊ नका. मंजुरीच्या आधीच्या तारखेचं बिल अनुदानाला बाद होतं.

राहून गेलं ते: एफएसएसएआयचं साधं रजिस्ट्रेशन ठरावीक उलाढालीपर्यंतच चालतं (आधी ही मर्यादा १२ लाख होती, आताची बघून घ्या). रिपोर्टमधले १४ लाख त्या मर्यादेबाहेर जात असतील तर राज्य परवाना लागेल. तसं असेल तर अर्ज बँकेत जाण्याआधी किमान परवान्याची पावती जोडा. जीएसटी नोंदणीची मात्र मालासाठी राज्यात ४० लाखांपर्यंत सक्ती नाही. बँकेने मागितली तर हे शांतपणे सांगा.

---

सहीशिक्का

मायक्रोफायनान्सचं कर्ज असणं हा दोष नाही, चुकलेला हप्ता हा दोष. दोघींचेही क्रेडिट रिपोर्ट काढा. देशात चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. लहान गटकर्जांच्या नोंदी क्रिफ हाय मार्ककडे हमखास असतात, नुसता सिबिल बघून समाधान मानू नका. शोधायचं ते असं: फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, "सेटल्ड" (कमी रकमेत मिटवलेलं) लिहिलंय का, दुसऱ्याच कोणाचं कर्ज त्याच नावाने घुसलंय का. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाच्या चार जणी असतात, त्यामुळे हे शेवटचं दिसतं तितकं दुर्मीळ नाही. चूक असेल तर ऑनलाइन तक्रार टाका. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

गटाच्या खात्यावर अडीच लाख दिसणं ही तुमची खरी अडचण, ती आजपासून सुधारा. रोख आली की त्याच आठवड्यात खात्यात भरा, पूर्ण, खर्च वजा न करता. दुकानदारांना क्यूआर गटाच्या खात्याचा द्या, अध्यक्षांच्या मुलाच्या मोबाइलचा नको. सहा महिन्यांचा उतारा आणि बिलबुक जुळलं की शाखेत निम्मं बोलणं वाचतं.

वेळ. मिरचीची मुख्य आवक जानेवारी ते मार्च, घरोघरचा वर्षाचा मसाला मार्च ते मे. म्हणजे सीसी जानेवारीत हातात हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाखा वसुली आणि वर्षअखेरीत बुडालेली असते, नवी फाइल खाली जाते. अर्ज दसरा-दिवाळीच्या सुमाराला पडला पाहिजे.

अर्जाबरोबर: गटाचं पॅन, ठराव, उद्यम, एफएसएसएआय, पदाधिकाऱ्यांचं केवायसी, कोटेशन, महावितरणचं कोटेशन, जागेचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा नोंदवलेला भाडेकरार, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, खात्याचा उतारा. भाडेकरार कर्जाच्या मुदतीपेक्षा लहान नको. अकरा महिन्यांचा करार आणि पाच वर्षांचं कर्ज, इथे फाइल परत येते.

अर्ज दिल्यावर पोच घ्या, क्रमांकासह. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नाकारलं तर कारण लेखी मागा. "वरून नाही म्हणाले" हे कारण नाही. आधी बँकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी तक्रार. सोबत अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी बँक) व्यवस्थापकांना प्रत, नाशिक जिल्ह्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक आहे. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे. पण तक्रारीची भाषा जपून. "कर्ज दिलं नाही" अशी तक्रार फेटाळली जाते, कारण कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय. "मर्यादेच्या आतल्या अर्जावर तारण मागितलं", "पोच दिली नाही", "कारण लेखी दिलं नाही" या सेवेतल्या त्रुटी, त्या ऐकल्या जातात.

सीसी मिळाल्यावर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट. उचल किती करता येईल ते त्यावर ठरतं. माल ३ लाख, ९० दिवसांच्या आतली येणी १ लाख, देणी ५० हजार, तर साडेतीन लाखांचे ७५ टक्के म्हणजे २ लाख ६२ हजार. मर्यादा २ लाख ८० हजारांची असली तरी त्या महिन्यात तेवढंच. आणि खात्यात ९० दिवस काहीच जमा झालं नाही तर ते थकीतात जातं. पावसाळ्यात मसाल्याची विक्री मंदावते, तेव्हा थोडं थोडं का होईना जमा करत राहा.

---

प्रभागसंघ

त्या तिघी सीझनवाल्यांचं: बीज भांडवलाची यादी करताना त्यांना घालायचं असेल तर सीझनच्या कामाचे दिवस नोंदवहीत तारीखवार लिहा. ठराव करताना सचिवांकडे जुनी नोंदवही असेल ती सोबत आणा, नव्या कोऱ्या वहीत चार वर्षांच्या नोंदी एकाच शाईने लिहिलेल्या दिसल्या की तपासणारे थांबतात. गटाचं पॅन लगेच टाका, त्याच्याशिवाय उद्यमचा फॉर्म पुढे सरकत नाही.